चोरलेली हिरवाई

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाजणांत एक बिनशंखाची गोगलगाय राहते. दिसायला अगदी हिरवे पान. तिचे नाव एलिसिया क्लोरोटिका. ती शेवाळाच्या तंतूंतला रस शोषते, परंतु त्यातील हरितकण पचवून टाकीत नाही. ते तिच्या अंगात 9 महिनेसुद्धा उन्हावर काम करीत राहतात. शास्त्रज्ञ याला चोरी म्हणतात. मला हा शब्द रुचत नाही. वस्तू दुसऱ्याची आहे हे चोराला ठाऊक असते. या मुक्या जिवाला कोठून असणार?

आपणांस मात्र ठाऊक असते. रविवारी मुलांपुढे आपण जे बोलतो, त्यातले आपले किती? काही आईचे, काही जुन्या गुरुजींचे. त्यांचे नाव न घेणे ही चोरी नव्हे काय? की इतकी वर्षे जपले म्हणून ते आपलेच झाले? या गोगलगायीची पिले हिरवी जन्मत नाहीत. प्रत्येकाला शेवाळ स्वतःच खावे लागते.