बिनधुराचे निखारे

प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाकाठी, भंडारदऱ्याला, आता हिवाळ्यात ओळीने तंबू लागतात. अशाच एका तंबूत एक मामा दोन भाच्यांना घेऊन उतरला होता. सोबत घडीची लोखंडी शेगडी, पिशवीभर लाकडी कोळसा, दोन भरताची वांगी आणि मसाला लावलेलं चिकन.

थोरला भाचा भुकेने कासावीस झालेला. त्याने काड्याकुड्यांवर कोळसा रचून कापराने पेटवला आणि जाळ उठताच जाळीवर तंगड्या मांडल्या. मामा म्हणाला, "थांब जरा." पण ऐकतो कोण! तेल गळून जाळ आणखी भडकला. तंगड्या वरून काळ्याठिक्कर पडल्या, आत हाडाशी कच्च्याच.

मामाने त्या उतरवल्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसला. हळूहळू ज्वाळा बसल्या, धूर विरला, कोळशांवर पांढरट राखेचा पापुद्रा चढला. चिमट्याने त्याने निखारे एका अंगाला लोटले.

"हात धर वर. लांबूनच."

भाच्याने धरला आणि झटकन मागे घेतला. जाळ कुठेच नव्हता, तरी धग सोसवेना.

"जाळ म्हणजे नुसती तयारी. धूर संपला, राख चढली, की समजायचं शेगडी कामाला लागली."

तंगड्या निखारे नसलेल्या बाजूला ठेवून मामाने वर पातेलं उपडं घातलं. वांग्यांना तेल चोळून, टोचे मारून ती थेट निखाऱ्यांत सारली. साल करपून सुटू लागली, देठाशी चिमटा रुतायला लागला, तशी बाहेर काढली. कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून तेलाची धार. घरच्या भाकऱ्या जाळीवर शेकल्या. तंगड्या आतपर्यंत शिजल्यावर शेवटी क्षणभर निखाऱ्यांवर धरल्या. असं जेवण घाई करणाऱ्याच्या नशिबी नसतं.

जेवणं आटोपली. मामा भांडी घासायला गेला. गारठा वाढला होता, धाकटा कुडकुडत होता. थोरल्याला त्याची दया आली. शेगडीत अजून चांगली धग होती. कान फडक्याने धरून त्याने ती तंबूत नेली, सपाट दगडावर ठेवली आणि दाराची चेन ओढून घेतली.

मामा परतला तर तंबूच्या कापडावर लालसर उजेड. हातातली भांडी तिथेच टाकून त्याने चेन उघडली, दोघांना दंडाला धरून बाहेर ओढलं, मग शेगडी काढली.

"अरे, पण धूर कुठे होता?" थोरला गोंधळला. "तूच म्हणालास ना, धूर संपला की शेगडी चांगली?"

"रांधायला चांगली. उघड्यावर." मामाचा आवाज कापत होता. "कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर असता तर खोकून उठला असतास. हा रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, गुंगी येते. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही."

"आजी सांगते, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची."

"त्या घरांना कौलं होती. फटीफटींतून वारा खेळायचा. तरी दारंखिडक्या लावून घेतलेल्या खोल्यांत माणसं दगावलीच आहेत. आणि हे तर नायलॉनचं कापड, चेन लावलेलं. वारा येणार कुठून?"

प्रेमापोटी केलेल्या गोष्टीवर रागावणं अवघड असतं. मामा रागावला नाही. त्याने स्वतःचं स्वेटर धाकट्याच्या अंगात घातलं, कानटोपी ओढली. मग तंबूपासून लांब नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, पुन्हा ओतलं. भोवती वाळलेलं गवत होतं आणि राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. चर्र आवाज थांबेपर्यंत थोरला शेजारी उभा राहून बघत होता.

वळताना त्याची नजर ओळीतल्या पलीकडच्या तंबूकडे गेली. त्याच्याही कापडावर तसलाच लालसर उजेड होता. मामाला हाक मारायलाही तो थांबला नाही. धावत गेला आणि कापडावर थापा मारू लागला.

"दादा, शेगडी बाहेर काढा!"

"अहो, काही धूर नाहीये," आतून झोपाळलेला आवाज आला.

"म्हणूनच सांगतोय. आधी चेन उघडा!"