हरताळाखालची अक्षरे

१

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आज मराठीत एखादे तत्त्व वा नियम पायदळी तुडवणे ह्या अर्थाने रूढ आहे. त्याचे मूळ मात्र पोथीलेखनाच्या व्यवहारात आहे. नक्कल करताना चूक झाली, की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळ ह्या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्यावर शुद्ध पाठ लिही. ह्या पुसण्याची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. एक, ते उघड असते. पानावरचा पिवळा डाग प्रत्येक वाचकाला सांगत असतो, की येथे काही लिहिले होते आणि ते मागे घेतले आहे. दुसरे, लेपाखाली अक्षर शिल्लक आहे हे पुसणाऱ्याला ठाऊक असते. पुसणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे, तर 'हे वाचू नये' असे जाहीर करणे, ही समजूत लेखनिक आणि वाचक ह्या दोघांचीही असते.

संगणकावरील पुसण्यात ही उभयपक्षी समजूत उरत नाही. तेथे पुसणाऱ्याला वाटते, की मजकूर गेला. वास्तविक तो तेथेच असतो आणि योग्य साधन हाती असलेल्या तिसऱ्या कोणाला तो वाचता येतो. ह्या तिसऱ्याला तो वाचण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक किंवा कायदेशीर वाटतो. वस्तुतः तो संहिताचिकित्सेचा आणि म्हणूनच वाचनाच्या नीतीचा प्रश्न आहे.

२

१९७७ साली बाजारात आलेला 'ॲपल टू' हा घरगुती संगणक ह्या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीचा आहे, कारण त्याने आपले अंतरंग झाकून ठेवले नव्हते. 'कॉल -१५१' एवढी आज्ञा दिली, की पडद्यावर एक तारांकन उमटे आणि यंत्राच्या कायम स्मृतीतच बसवलेली 'मॉनिटर' ही आज्ञावली हजर होई. तिला स्मृतीतील पत्ता सांगितला, की त्या जागचे बाइट षोडशमान पद्धतीत, एका ओळीत आठ, असे समोर येत. फ्लॉपी तपासण्यासाठी निराळ्या आज्ञावल्या होत्या. 'बिनीथ ॲपल डॉस' ह्या १९८१ च्या पुस्तकाचे कर्ते डॉन वर्थ आणि पीटर लेखनर ह्यांनी रचलेल्या 'बॅग ऑफ ट्रिक्स' ह्या संचातील 'झॅप' ही त्यांपैकी एक. फ्लॉपीचे कोणतेही एक क्षेत्र, म्हणजे २५६ बाइट, ती पडद्यावर मांडी आणि त्यांत फेरफारही करू देई. 'डॉस ३.३' च्या फ्लॉपीवर ३५ वर्तुळाकार पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात १६ क्षेत्रे असत. एकूण १,४३,३६० बाइट. एक चिकाटीचा वाचक अशी फ्लॉपी अथपासून इतिपर्यंत वाचू शकतो.

पण 'वाचू शकतो' म्हणजे नेमके काय? ह्या पडद्यावर मजकूर, आज्ञा, चित्र आणि कचरा ह्यांच्यात भेद नसतो. 'ए०' हा एकच बाइट घेतला, तर संख्या म्हणून तो १६० आहे. ॲपलच्या अक्षरसंकेतानुसार ती दोन शब्दांमधली मोकळी जागा आहे. आणि ६५०२ ह्या प्रक्रियकाच्या भाषेत ती 'पुढची संख्या वाय ह्या कोशात भर' अशी आज्ञा आहे. बाइट स्वतः ह्यांपैकी काहीच नसतो. तो काय आहे हे त्याच्याकडे कोणत्या अपेक्षेने पाहिले जाते, ह्यावर ठरते. अर्थ हा चिन्हाच्या पोटात नसून व्यवस्थेत असतो, हे भाषाविज्ञानातील तत्त्व येथे शब्दशः प्रत्ययाला येते. चिन्हव्यवस्थेच्या आधी असलेला 'नुसता पुरावा' अशी वस्तू तपासणीच्या पडद्यावरही आढळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ह्या यंत्रातले पाहणेदेखील निर्हेतुक राहत नाही. 'सी०३०' ह्या पत्त्यावर काय आहे हे मॉनिटरला विचारले, की ध्वनिवर्धकातून 'टक्' असा आवाज येतो. कारण तो पत्ता स्मृतीचा नसून ध्वनिवर्धकाच्या कळीचा आहे आणि तो वाचणे म्हणजेच ती कळ दाबणे होय. फ्लॉपीचे नियंत्रक कार्ड सहाव्या खाचेत असेल, तर 'सी०ई९' हा पत्ता वाचताच फ्लॉपी फिरवणारी मोटार सुरू होते. वाचकाने काहीही लिहिलेले नसते, तरीही यंत्राच्या स्थितीत बदल झालेला असतो. वाचन ही क्रिया आहे आणि क्रियेला उत्तरदायित्व असते; तटस्थ निरीक्षकाची भूमिका येथे उपलब्ध नाही.

३

'डॉस ३.३' मध्ये एखादी फाइल पुसण्याची आज्ञा दिल्यावर काय घडते, ते ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. फ्लॉपीची सूची सतराव्या पट्ट्यावर असते. तेथे त्या फाइलच्या नोंदीचा पहिला बाइट, म्हणजे फाइलचा ठावठिकाणा सांगणारा पट्ट्याचा क्रमांक, बदलून 'एफएफ' केला जातो. आणि मूळ क्रमांक फाइलच्या नावासाठी राखलेल्या जागेतील शेवटच्या स्थानी नेऊन ठेवला जातो. तिने व्यापलेली क्षेत्रे 'रिकामी' म्हणून नोंदली जातात. एवढेच. मजकुराच्या एकाही अक्षराला स्पर्श होत नाही. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो जसाच्या तसा असतो. इतकेच नव्हे, तर त्याच्याकडे परत जाण्याची वाट त्याच्याच नावाच्या शेवटी लिहून ठेवलेली असते. सूची मागणाऱ्याला मात्र ते नाव दिसत नाही. हरताळ येथे अक्षरांवर नव्हे, अनुक्रमणिकेवर फासला जातो, आणि तोही अदृश्य असतो.

ह्या व्यवस्थेचे साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने महत्त्व मॅथ्यू किर्शेनबाउम ह्या अमेरिकन अभ्यासकाने 'मेकॅनिझम्स' ह्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले. केन आणि रोबर्टा विल्यम्स ह्या दांपत्याने १९८० साली ॲपल टूसाठी निर्माण केलेल्या 'मिस्टरी हाउस' ह्या सचित्र साहसखेळाच्या फ्लॉपीची एक प्रतिमा त्याने बाइटच्या पातळीवर तपासली. तीत त्याला पूर्वी त्याच फ्लॉपीवर असलेल्या अन्य खेळांचे अवशेष सापडले. म्हणजे ही प्रतिमा प्रकाशकाच्या मूळ प्रतीची नव्हती. कोणा अज्ञात माणसाने आपली जुनी फ्लॉपी पुसून तीवर हा खेळ उतरवून घेतला होता. एका कृतीची संहिता वाचता वाचता एका अनाम वाचकाच्या घरातील व्यवहार वाचला गेला. हा मनुष्य लेखक नव्हता. त्याने काही 'म्हटले' नव्हते. त्याच्याकडून केवळ काही 'राहून गेले' होते.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. 'रेंट' ह्या संगीतनाटकाचा कर्ता जोनाथन लार्सन जानेवारी १९९६ मध्ये अकाली निधन पावला. त्याच्या फ्लॉपी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. डग रीसाइड ह्या अभ्यासकाला त्यांचे परीक्षण करताना असे आढळले, की 'वर्ड' ह्या आज्ञावलीत उघडल्यावर गीतांचा एक पाठ दिसतो आणि तीच फाइल साध्या संपादकात उघडल्यावर लार्सनने बदललेले आधीचे शब्दही दिसतात. कारण त्या काळच्या 'वर्ड'मध्ये जलद साठवणुकीची सोय होती. वेळ वाचावा म्हणून ती जुना मजकूर तसाच ठेवी आणि दुरुस्त्या फाइलच्या शेवटी जोडी. लार्सनने ओळ खोडली. पडद्यावरून ती गेली. ती गेली असे यंत्राने त्याला दाखवले. यंत्राने दिलेले हे एक प्रकारचे वचन होते आणि ते पाळले गेले नव्हते.

४

सिग्मंड फ्रॉइडने १९२५ साली एका खेळण्याविषयी लहानसे टिपण लिहिले होते. मेणाच्या पाटीवर एक पातळ पापुद्रा असतो. त्यावर टोकदार काडीने लिहिता येते आणि पापुद्रा उचलला की लेखन नाहीसे होते. खालच्या मेणावर मात्र त्याचे वळ राहतात. फ्रॉइडला ह्यात मानवी मनाची प्रतिमा दिसली. परंतु एका ठिकाणी हे साम्य संपते, असेही त्याने नमूद केले: पाटीला पुसलेले लेखन आतून पुन्हा वर आणता येत नाही, स्मृतीला ते येते. जाक देरिदाने १९६६ च्या आपल्या निबंधात ह्याच टिपणाचा आधार घेऊन लेखन, खूण आणि खोडणे ह्यांच्या परस्परसंबंधांचा विचार केला.

तपासणीचे साधन जोडलेली फ्लॉपी फ्रॉइडच्या पाटीची ही उणीव भरून काढते. तीवरील पुसलेले पुन्हा वर येते. पण भेद असा, की माणसाच्या मनात पुसलेले परत येते ते त्याच माणसाकडे, त्याच्या वेदनेसह आणि त्याच्या संमतीच्या वा असंमतीच्या झगड्यासह. फ्लॉपीतले परत येते ते परक्याकडे. स्मरण करणारा एक आणि ज्याचे स्मरण तो दुसरा, अशी ही फारकत आहे. तपासणीच्या साधनामुळे उद्भवणारा नैतिक प्रश्न नेमका ह्या फारकतीत आहे.

ह्यावर समीक्षेच्या क्षेत्रातून एक आक्षेप येऊ शकतो. रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केल्यानंतर लेखकाच्या इच्छेला संहितेवर अधिकार कसा राहील? माध्यमावर जे आहे ते सर्व संहिता. वाचकाने ते वाचावे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी तो स्वतःलाच छेद देतो. खोडलेल्या ओळी शोधणारा अभ्यासक नेमके काय शोधत असतो? त्याला हवी असते लेखकाची चलबिचल, त्याची निवड, त्याच्या हाताची खूण. लेखक मृत आहे असे एका श्वासात म्हणून दुसऱ्या श्वासात त्याच्याच दप्तराची झडती घेता येत नाही. खोडलेली ओळ लेखकाची म्हणून मोलाची असेल, तर ती खोडणेही लेखकाचेच आहे, हे मान्य करावे लागते.

५

दुसरा आक्षेप मराठी साहित्येतिहासातूनच येतो आणि तो अधिक गंभीर आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. परक्यांनी ते वाचू नयेत हा त्यामागील हेतू होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या लिप्यांचा उलगडा झाला आणि 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ मराठी वाचकांना खुला झाला. कर्त्याची इच्छा हीच अंतिम मानली, तर मराठी गद्याचा प्रारंभच अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला असता. मग फ्लॉपीवरील मजकुराला वेगळा न्याय का लावावा?

ह्याचे उत्तर गुप्त आणि पुसलेले ह्यांच्यातील भेदात आहे. गुप्त लिपीतील मजकूर कोणासाठी तरी लिहिलेला असतो. त्याला वाचक आहे, फक्त तो निवडलेला आहे. लिपी उलगडणारा अभ्यासक त्या वाचकवर्गाची सीमा ओलांडतो. हे अतिक्रमण असेल, परंतु मजकूर जे म्हणतो ते तो म्हणतच असतो. पुसलेल्या मजकुराला मात्र वाचकच नसतो. तो म्हणून झाल्यावर मागे घेतलेला असतो. म्हणूनच खोडलेली ओळ ही रूढ पाठाच्या शेजारी ठेवण्याजोगा आणखी एक 'पाठभेद' नव्हे. वि. सी. सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ज्या हस्तलिखितांची तुलना केली, त्यांतील प्रत्येक पाठ कोणत्या ना कोणत्या परंपरेने ग्राह्य मानून जपलेला होता. फ्लॉपीवरील अवशेष कोणी जपलेला नसतो. तो यंत्राच्या काटकसरीमुळे मागे राहिलेला असतो. त्याचा पहिला अर्थ 'हे असेही म्हणता आले असते' हा नसून 'हे म्हणायचे नाही असे ठरले' हा आहे. तो अर्थ गाळून नुसते शब्द उचलणे हे अनैतिक ठरण्यापूर्वीच चुकीचे वाचन ठरते.

पुसण्याची इच्छा आणि माध्यमाचे सामर्थ्य ह्यांचा संबंध उलट दिशेनेही पाहता येतो. विल्यम गिब्सनची 'अग्रिपा' ही कविता १९९२ साली एका फ्लॉपीवर प्रसिद्ध झाली. एकदा वाचून होताच ती स्वतःला अवाच्य करून टाकी. येथे पुसणे हीच रचना होती आणि ते वाचकाला आधीच सांगितलेले होते. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा मजकूर संगणकांच्या जाळ्यावर पसरला. लार्सनला ओळ पुसता आली नाही आणि गिब्सनला कविता पुसता आली नाही. परंतु गिब्सनचे पुसणे जाहीर होते आणि लार्सनचे खाजगी. पहिले वाचणारा एका खेळाचा नियम मोडतो. दुसरे वाचणारा, लिहिणाऱ्याच्या नकळत, त्याच्या टेबलाशी उभा राहतो.

ह्यातून बंदीचा निष्कर्ष निघत नाही. पुसलेले वाचूच नये असा नियम केला, तर निर्मितिप्रक्रियेचा अभ्यास थांबेल आणि नियम तरीही पाळला जाणार नाही. निष्कर्ष वाचकाच्या भूमिकेविषयी निघतो. तपासणीच्या पडद्यापाशी बसलेला माणूस वाचक राहत नाही. तो संपादक होतो आणि संपादकाची बंधने त्याच्यावर येतात. जे पुसलेले होते ते पुसलेले म्हणूनच मांडणे, हे पहिले बंधन. ज्याने काही म्हटलेलेच नाही, त्या 'मिस्टरी हाउस'च्या अनाम मालकासारख्या त्रयस्थाला अभ्यासाचा विषय बनवण्यापूर्वी थांबणे, हे दुसरे. लेखक हयात असेल तर त्याला विचारणे, हे तिसरे. सलमान रश्दी ह्यांचा संग्रह, त्यांच्या संगणकांसह, एमरी विद्यापीठाने २०१० साली अभ्यासकांना खुला केला, तेव्हा लेखकाला निदान विचारता येत होते. लार्सनला विचारता येत नाही.

म्हणून त्याच्या बाबतीत अभ्यासकाने करावयाचे काम जुन्या लेखनिकाच्या कामासारखे आहे. यंत्राने जो हरताळ अदृश्यपणे फासला, तो दृश्य करणे. पानावर पिवळा डाग उमटू द्यावा, त्याखालचे अक्षर दिसत असेल तर तेही नोंदवावे; पण डाग खरवडून काढू नये. कारण ती ओळ लिहिणाऱ्याचा शेवटचा शब्द त्या अक्षरात नसून त्या डागात आहे.