दिवाणखाना आणि न्हाणीघर

औरंगपुऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्याची आठवण निघाली, म्हणजे बोलणारा प्रथम दिंडीदरवाजाची, चौकाची आणि दिवाणखान्यातील कोरीव खांबांची गोष्ट काढतो. न्हाणीघर, कोठी, गोठा आणि परसातील शौचकूप यांचे नाव कोणी घेत नाही. परंतु ज्यांनी त्या वाड्यात संसार केला त्यांना विचारावे. दिवाणखान्यावाचून घराचे चार महिने सहज निघाले असते. कोठी आणि न्हाणीघर यांवाचून चार दिवसही निघाले नसते. घराची शोभा दर्शनी भागात असली, तरी त्याचा संसार परसात चालतो. जुन्या वास्तूंच्या जतनाचा विचार करताना ही साधी गोष्ट आपण विसरतो, आणि एक नैतिक प्रश्न निव्वळ कारकुनी होऊन बसतो, असे आम्हास वाटते.

प्रश्न असा की, एखाद्या वास्तूस आपण वारसा म्हणून मान दिल्यावर तिच्या आवारात एखादी लहानशी खोली, पत्र्याची पडवी, पहारेकऱ्याची चौकी किंवा शौचालय उभारावयाचे झाले, तर त्यासाठी परवानगी मागावी काय? मागणारा म्हणतो, ‘एवढीशी तर खोली!’ देणारा म्हणतो, ‘आज एवढीशी, उद्या तेवढीशी, मग मूळ वास्तू शोधावी लागेल.’ दोघांचेही म्हणणे खोटे नाही. खोटे नाही, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

रेल्वेच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. कारण लेणे किंवा थडगे पाहण्यासाठी उरते. रेल्वे मात्र पाहण्याची वस्तू झाल्यावरही चालवावी लागते. नेरळहून माथेरानास जाणाऱ्या छोट्या गाडीचेच उदाहरण घेऊ. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी पुढाकार घेऊन 1904 ते 1907 या काळात हा दोन फूट रुंदीचा मार्ग बांधविला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत तो डोंगर चढतो. त्यांपैकी एका स्थानकाचे नावच पाण्याच्या नळाचे आहे, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते. रूळ आणि डबे यांच्यावरच गाडी चालत नाही. तिला पाणी लागते, अवजारांची कोठी लागते, घाटात दरड कोसळली तर ती हटविणाऱ्या माणसांना भर पावसात उभे राहावयास छप्पर लागते. माथेरान आणि त्याचा परिसर 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथे रान राखले पाहिजे हे निर्विवाद होय. परंतु रूळ राखणारा माणूस भिजत राहिला, तर आपण नेमके काय राखले?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसाची गोष्टही अशीच. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून 1878 साली सुरू झालेले हे काम दहा वर्षांत पुरे झाले आणि 2004 साली ही इमारत जागतिक वारसा ठरली. तरी तिच्या कमानींखालून आजही दररोज लाखो माणसे कामावर जातात. त्यांच्यापैकी कोणास तहान लागते, कोणास आडोसा हवा असतो. त्यांनी आपल्या गरजा घरी ठेवून वारशात पाऊल टाकावे, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहणे बोधप्रद आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास 2010 साली जी दुरुस्ती झाली, तिने संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर अंतर निषिद्ध ठरविले आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित ठरविले. आमच्या शहरातील बीबी का मकबऱ्याभोवती राहणाऱ्या कुटुंबांस ही रेषा ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्याने ‘बांधकाम’ या शब्दाची व्याख्या करताना सार्वजनिक शौचालये, गटारे आणि लोकांस पाणी पुरविण्याची कामे त्या शब्दातून वगळली आहेत. म्हणजे चार हात लांबीचे खाजगी दुकान हे बांधकाम होय. त्याहून मोठे सार्वजनिक शौचालय मात्र त्या अर्थाने बांधकाम नव्हे. कायद्याने येथे गज घेऊन माप घेतले नाही, ‘हे कोणासाठी?’ असे विचारले. आमच्या मते या एका व्याख्येत सबंध प्रश्नाचे मर्म आहे. लहानपणा हा नैतिक गुण नव्हे. लहान खोटे हे खोटेच असते आणि लहान उपकार हा उपकारच असतो. वास्तूचा न्याय तिच्या आकारावरून न करता हेतूवरून केला पाहिजे.

याच्या उलट बाजूही पाहू. 1989 च्या रेल्वे अधिनियमाने रेल्वेच्या कामासाठी घरे, कोठारे, कचेऱ्या व इतर इमारती उभारण्याचा अधिकार रेल्वे-प्रशासनास दिला आहे, आणि तोही इतर कायद्यांत काहीही म्हटले असले तरी. हा अधिकार अनाठायी नाही. गाडी प्रत्येक गावच्या चावडीवर अर्ज घेऊन थांबू लागली, तर ती पोहोचणार केव्हा? परंतु ज्यास दुसऱ्याची परवानगी लागत नाही, त्याने स्वतःच्या विवेकाची परवानगी अधिक कसोशीने घेतली पाहिजे. अधिकार मोठा असेल तितके संकोचाचे भानही मोठे असावे, हे घरातील कर्त्या पुरुषास जसे लागू आहे, तसेच संस्थेसही आहे.

आता परवानगी देणाऱ्याच्या कर्तव्याकडे वळू. कारण याविषयी क्वचितच बोलले जाते. जो विचारतो त्यास वर्षानुवर्षे उत्तर मिळत नाही, आणि जो न विचारता रातोरात पत्रा ठोकतो त्यास कोणी हटकत नाही, असे ज्या व्यवस्थेत घडते, ती वारशाचे रक्षण करीत नाही. ती प्रामाणिकपणास दंड करते. बापाने खरे बोलणाऱ्या मुलास मारावे आणि लपविणाऱ्यास खाऊ द्यावा, तसा हा प्रकार होय. अशा घरात मुले काय शिकतील हे सांगावयास नको. वर सांगितलेल्या कायद्याने, नकार द्यावयाचा झाल्यास अर्जदाराचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत तो लेखी कळवावा, असे बंधन घातले आहे. हे बंधन केवळ सोयीचे नाही, नीतीचे आहे. कारणासह दिलेला नकार माणसास शहाणा करतो. मौन त्यास लबाड बनविते.

मग मागणाऱ्याने काय करावे? आमच्या मते त्याने अर्जापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ही खोली कोणाच्या गरजेसाठी आहे? ती जुन्या भिंतीस न बोचता, दर्शनी भाग न झाकता उभी राहील काय? आणि उद्या तिची गरज सरल्यावर मूळ वास्तूस ओरखडा न काढता ती उचलता येईल काय? ज्यांनी ती वास्तू बांधली ते आज बोलू शकत नाहीत. ज्यांना ती पुढे पाहावयाची आहे ते अद्याप जन्मलेले नाहीत. या दोन मुक्या पक्षांच्या वतीने विचारलेले प्रश्न म्हणजेच खरी परवानगी. कचेरीतील शिक्का ही तिची पावती होय.

शेवटी ‘लहान आहे’ या सबबीची दुसरी धार. लहान म्हणून जसे न विचारता बांधले जाते, तसेच लहान म्हणून न विचारता पाडलेही जाते. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाडहून आमच्या शहरास मीटरगेज रेल्वे आली. 1990 नंतरच्या दशकात ते रूळ जाऊन रुंद रूळ आले. ते आवश्यकच होते. परंतु अशा बदलात स्थानकाच्या इमारतीची चिंता दहा जण करतात. कंदिलाची खोली, पाण्याचा हौद आणि फाटकवाल्याची कोठडी यांची चौकशी करावयास आपल्यापैकी कितीजण गेलो? ज्यांनी ती गाडी चालविली त्यांचे सारे आयुष्य त्या कोठडीत गेले होते.

वाडे पडले तेव्हा लोकांनी कोरीव खांब विकत घेतले. न्हाणीघराचा झिजलेला दगड कोणी उचलला नाही. त्या दगडावर किती पिढ्यांनी पाणी ओतले, याचा हिशेब आता कोणापाशीच नाही.