हौदातला बुडबुडा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की गच्चीखालच्या खोलीत माणूस टिकत नाही, तिथे यंत्राने काय टिकावं? वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीची खोली अशीच वरच्या मजल्यावर होती. इमारतीचं चित्र रेंडरला लावलं की प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे तापायचा, स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवायचा आणि रात्रीत संपायचं काम दुसऱ्या दुपारपर्यंत रेंगाळायचं. तिने वॉटर कूलिंग करायचं ठरवलं. पंप, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, नळ्या, 240 मिलिमीटरचा रेडिएटर, सगळं जमवलं. पण तिच्या जुन्या कॅबिनेटच्या छताला रेडिएटरसाठी जागाच नव्हती. पत्रा कापावा लागणार होता.

तिचा मामा कामठी रोडवर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचा. ड्रिल, जिगसॉ, कानस, व्हाइस, सगळं त्याच्याकडे होतं. शनिवारी सकाळी ती कॅबिनेट घेऊन दुकानात पोचली.

“पाण्यानं थंड होते म्हणजे आपल्या कूलरसारखं का वो?” मामाने विचारलं.

“नाही मामा. कूलरचं पाणी उडून जाते, म्हणून त्याची हवा गार लागते. हे पाणी बंद नळीतच फिरते. खोलीच्या हवेपेक्षा थंड ते कधीच होत नाही. प्रोसेसरची गरमी उचलायची आणि रेडिएटरवर नेऊन टाकायची, पंखे ती उडवतात.”

“मंग इंजिनच आहे की हे!” मामा खूश झाला. आणि दोन हजार सालाच्या आसपास अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी 1977च्या पॉन्टिअ‍ॅक बॉनव्हिलमधल्या हीटरचा छोटा रेडिएटर काढून संगणकाला जोडायला सुरुवात केली होती, हे तिने सांगितल्यावर तर त्याला हे काम आपल्याच धंद्यातलं वाटू लागलं.

कापायचं काम त्याने तिच्याच हातून करून घेतलं. आधी मदरबोर्डपासून सगळं बाहेर काढलं, कारण लोखंडाचा बारीकसा कीस आत राहिला तरी शॉर्ट होतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप चिकटवली, म्हणजे रंग खरवडत नाही आणि रेघही नीट दिसते. 120 मिलिमीटरच्या दोन पंख्यांचे गोल आखले, प्रत्येक पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमध्ये 105 मिलिमीटरचं अंतर मोजून खुणा केल्या. जिगसॉला बारीक दात्यांचं पातं लावलं. “रेघेच्या आतून काप,” मामा म्हणाला. “उरलेलं कानशीनं काढता येते. जास्त कापलेलं कुठून आणशील?” दुपारपर्यंत धारा घासून गुळगुळीत झाल्या, कडेला रबराची पट्टी बसली. काम खरंच देखणं झालं होतं. घरच्या घरी पत्रा कापून असं काही उभं करणाऱ्या मुलामुलींचं मला मनापासून कौतुक वाटतं. विकत घेतलेल्या वस्तूवर अशी माया जडत नाही.

रेडिएटर छताला लावताना आखूड स्क्रूंपैकी एक हरवला. तिने डब्यातून दुसरा घेतला, तो थोडा लांब होता. पिळताना एका जागी अडला, जरासा जोर लावल्यावर आत गेला. तिचा हात क्षणभर थांबला होता. पण सबमिशन सोमवारी होतं.

संध्याकाळी ती सामान आवरू लागली, तेव्हा मामाने विचारलं, “रेडिएटर बुडवून पाह्यला?”

“नवाच आहे मामा. कंपनीतून तपासून येते.”

“कंपनीनं तपासला तवा त्यात तुझे स्क्रू नव्हते.”

रेडिएटर उतरवला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला नळी लावून सायकलच्या पंपाने बेताची हवा भरली आणि तो हौदात बुडवला. ट्रकचा असो की कारचा, त्या दुकानातला प्रत्येक रेडिएटर याच पाण्यातून जायचा. पंखांमध्ये अडकलेली हवा निघून गेली, पाणी स्थिर झालं. मग एका कोपऱ्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला. बऱ्याच वेळाने आणखी एक. त्याच स्क्रूखालून.

“इतकं तर चालते मामा. डिस्टिल्ड वॉटर घालणार आहे, त्यातून वीज जात नाही.”

हे वाक्य तिने मित्रांकडून ऐकलेलं होतं आणि ते अर्धंच खरं आहे. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. पण तेच पाणी धातूला आणि धुळीला लागलं की त्यातले क्षार उचलतं आणि मग मदरबोर्डवर गळतं तेव्हा ते शुद्ध राहिलेलं नसतं.

मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “ट्रकवालेही हेच म्हणतात. बुडबुडा लहान-मोठा नसते पोरी. तो असते, नाही तं नसते.”

स्क्रूच्या टोकाने आतली पितळी नळी टोचली होती. मामाने पक्कडीने पंख बाजूला सारले, रंग खरवडून पितळ उघडं केलं, नवसागर लावला. संगणकाच्या रेडिएटरच्या नळ्या ट्रकच्या मानाने फारच पातळ. ताप जास्त झाला तर शेजारचे जोड सुटायचे. म्हणून बाकी भागावर ओलं फडकं गुंडाळून त्याने हलक्या तापावर डाख दिला. डाख चांदीसारखा चमकत होता.

“घे. झालं.”

तिने रेडिएटर हातात घेतला, पण पिशवीत टाकला नाही. “पुन्हा बुडवू या, मामा.”

दुकानातल्या पोऱ्याने मान वर केली. बाहेर एक ड्रायव्हर आपल्या कामासाठी खोळंबला होता. तोही हसून म्हणाला, “ताई, यांचा डाख आहे. माझा रेडिएटर याच डाखावर रायपूरपर्यंत जाऊन येते.”

मामाचा चेहरा उतरला. तिच्या ते लक्षात आलं. आज रात्री जोडणी झाली नाही तर मग नुसता पंप चालवून, जोडांखाली कागद ठेवून चोवीस तास गळती पाहायला वेळ उरणार नव्हता, हेही तिला दिसत होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं की कॅबिनेटमध्ये जुनाच पंखा परत बसवायचा आणि सोमवारी लहान रिझोल्युशनची चित्रं द्यायची. गुण गेले तर गेले.

“तुमच्यावर शंका नाही मामा,” ती हळूच म्हणाली. “पण याच्यात माझे स्क्रू होते, आता तुमचा डाख आहे.”

मामा काही बोलला नाही. त्याने स्वतःच पंप उचलला, हवा भरली आणि रेडिएटर पाण्यात धरला. चौघंही वाकून पाहत राहिले. ड्रायव्हर “चला, झालं” म्हणणार इतक्यात डाखाच्या कडेने एक बुडबुडा सुटला. ताप कमी पडला होता. डाख वरून चकाकत होता, पण एका बाजूला पितळेला धरलाच नव्हता.

मामाने रेडिएटर बाहेर काढला, उजेडाकडे धरून ती जागा नीट पाहिली आणि नखाने खूण केली. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, “भाऊ, मागच्या महिन्यात तुमचा डाख दिला, तवा मी बुडवून पाह्यला होता का?”

ड्रायव्हर आठवू लागला.

“गाडी आत घ्या,” मामा म्हणाला. “आणि पोऱ्या, बत्ती पेटव. हौदाचं पाणी आज सोडायचं नाही.”