घरची भाषा, चारचौघांची भाषा

कर्नाटकात कन्नड ही मातृभाषा सांगणारे लोक सुमारे दोन तृतीयांशच आहेत, असे २०११ची जनगणना सांगते. हा आकडा वादात हत्यारासारखा उगारला जातो, तेव्हा अस्वस्थ व्हायला होते. एकाला त्यातून ते राज्य पुरते कन्नड नाही हे सिद्ध करायचे असते; दुसऱ्याला कन्नडला घरभेद्यांचा धोका दिसतो. माणसाची भाषा एकच असते, हे दोघांनीही धरून चाललेले असते. उर्दू, तेलुगू, तमिळ, मराठी, तुळू, कोंकणी, कोडव या भाषा तिथे नांदतात हे सर्वज्ञात आहे. १९५६ साली म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कोडगू अशा पाच राज्यांतले मुलूख एकत्र आल्यावर दुसरे काय होणार? घरची भाषा आणि चारचौघांची भाषा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले की आकड्याची धार जाते. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची तमिळ, नाटककार गिरीश कार्नाडांची कोंकणी. या तिघांनाही कन्नड लेखनासाठी ज्ञानपीठ मिळाले. कन्नडचे वैभव असे परक्या म्हटल्या जाणाऱ्या घरांतूनही वाढलेले आहे.

पण हा भेद किनारपट्टीवर अपुरा पडतो. मंगळुरूच्या बाजारात कोंकणी, ब्यारी आणि कन्नड घरांतली माणसे एकमेकांशी बोलतात ती बहुधा तुळूत. भूतकोल या दैवपूजेत गायली जाणारी पाड्दने तुळूत आहेत, यक्षगानाचे प्रयोगही तुळूत होतात. म्हणजे तुळू ही केवळ घरची भाषा नव्हेच. तिथली चारचौघांची भाषा तीच आहे आणि कन्नड ही शाळा-कचेरीची. मग ‘तुळूने घरात सुखाने नांदावे, सार्वजनिक व्यवहार कन्नडने सांभाळावा’ ही वरवर उदार वाटणारी वाटणी न्याय्य ठरत नाही. जी भाषा आधीच चव्हाट्यावर उभी आहे, तिला कोणत्या अधिकाराने घरात बसवायचे?

यावर कन्नडचा कैवारी म्हणेल, इंग्रजी उंबऱ्याशी आली असताना आपसात वाटेकरी कशाला वाढवायचे? त्याची भीती खरी आहे. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच हवे अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पण त्या खटल्यात कर्नाटक सरकार कशासाठी लढले? मुलाला मातृभाषेतून शिकवण्याच्या तत्त्वासाठी. ते तत्त्व खरे असेल तर पुत्तूरच्या तुळू मुलाला आणि मडिकेरीच्या कोडव मुलालाही ते लागू पडते. कोडव बोलणारे तर सव्वा लाखही नाहीत. कन्नडला त्यांचा कसला धोका? इंग्रजीसमोर कन्नडची बाजू दुबळी होते ती तुळूला जागा दिल्याने नव्हे, स्वतःचेच तत्त्व धाकट्या भाषांना नाकारल्याने.

म्हणून तुळूला किनारपट्टीवर राजभाषेचा दर्जा आणि कोडवला प्राथमिक शाळेत स्थान मिळाले पाहिजे. त्याच न्यायाने बेळगावच्या मराठीलाही तिचा हक्क मिळायला हवा. मात्र ही मागणी करणाऱ्या मराठी वाचकाने जत-अक्कलकोटची कन्नड आणि गडचिरोलीची गोंडी यांनाही तेच माप लावावे. तरच आपल्या मागणीला वजन येईल.