निवड आणि जबाब

मृगाच्या पावसावर पेरण्या आटोपून सोयाबीन आणि कापसाची कोळपणी सुरू झाली, की हिंगोली जिल्ह्यातील शेतांत बैलांच्या तोंडाला मुसके बांधलेले दिसते. मुसके नसेल तर बैल चालता चालता पिकाचा शेंडा ओरबाडणार, हे प्रत्येक शेतकरी जाणतो आणि त्याबद्दल बैलाला कोणी पापी म्हणत नाही. तेच पीक एखाद्या माणसाने रात्री शेजाऱ्याच्या शेतातून कापून नेले, तर त्याला चोर म्हणतात. मग एकाच कृतीला न्याय दोन का? याचे ठरलेले उत्तर असे की, मनुष्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे, पशूला नाही. हे उत्तर व्याख्यानांतून इतक्या वेळा कानी पडते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. आणि उरलेले अर्धे न कळल्यामुळे आपण स्वतःला नको तेथे मोठे समजतो व नको तेथे मोकळे सोडतो.

जनावर निवड करीत नाही, असे गुरे राखणारा माणूस तरी म्हणणार नाही. दोन झाडांपैकी दाट सावलीचे झाड बैल बरोबर हेरतो. शेळी काटेरी फांदीतली कोवळी पाने तेवढी वेचून खाते. पवित्र कुरआनने पशुपक्ष्यांना मानवांसारखेच समुदाय म्हटले आहे (सूरह अनआम, आयत ३८). सूरह नम्लमधील मुंगी आपल्या सोबतिणींना धोक्याची सूचना देते आणि हुदहुद पक्षी हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडे सबा देशाची वार्ता घेऊन येतो. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट शिकारी कुत्र्याची आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरून ठेवलेली शिकार खाण्यास अनुमती आहे (सूरह माइदा, आयत ४), परंतु त्याने तिच्यातील काही खाल्ले असेल तर मालकाने ती खाऊ नये, कारण ती त्याने स्वतःसाठी धरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अदी बिन हातिम (रजि.) यांना सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. म्हणजे तोंडाशी आलेला घास सोडून देणे हे कुत्र्यालाही साधते. संयम ही केवळ मानवाची मिरासदारी नव्हे.

मग भेद कोठे आहे? सूरह अहजाबच्या ७२ व्या आयतीत सांगितले आहे की, आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यापुढे अमानत ठेवली गेली. ती उचलण्यास ते भ्याले आणि मनुष्याने ती उचलली. अमानत म्हणजे दुसऱ्याची सोपविलेली ठेव. ठेव सांभाळणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, हा तिचा गाभा. कुत्रा घास सोडतो तो शिकवणीमुळे. शिकवणारा चुकीचा असेल तर तो चुकीचेच शिकेल आणि ‘हे योग्य आहे काय’ असा प्रश्न त्याला पडणार नाही. मनुष्याच्या अंतरंगात मात्र दुराचाराची आणि ईशभयाची अशी दोन्हींची जाण घातलेली आहे (सूरह शम्स, आयत ८). म्हणून त्याला केवळ निवडता येत नाही, तर केलेल्या निवडीबद्दल विचारलेही जाते. २०१८ आणि २०१९ या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. मराठवाड्याच्या त्या उन्हात रोजेदार कामावरून घरी येतो, घरात कोणी नसते, माठ भरलेला असतो आणि तो पाण्याला हात लावीत नाही. तेथे मुसके कोणी बांधलेले नसते.

ही जबाबदारी टाळण्याच्या आपल्या वाटा मात्र ठरलेल्या आहेत. पहिली वाट ‘तकदीर’. शाम प्रांतात प्लेगची साथ पसरली तेव्हा, इ.स. ६३९ च्या सुमारास, हजरत उमर (रजि.) सरग येथून मागे फिरले. आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. हजरत उमर (रजि.) यांचे उत्तर असे की, आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, आणि त्यांनी दाखला दिला उंटांचा. एका खोऱ्याचा एक उतार हिरवा व दुसरा उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते तकदीरीनेच असेल. म्हणून गुराख्याने उजाड बाजू धरावी काय? या दाखल्यात उंट नेले जातील तेथे चरतात आणि उताराची निवड गुराखी करतो. आमच्याकडे मुलीचे शिक्षण मधूनच थांबवणारा बाप ‘नशिबात नव्हते’ म्हणतो, तेव्हा तो गुराखी असूनही उंटाची जागा मागत असतो.

दुसरी वाट रागाची. ‘राग आला, हात उठला’ हे वाक्य घराघरांत बायको-लेकरांना ऐकवले जाते. पण शिंग मारणे हे शिंगाचे काम. हात उठतो तो मालकाच्या परवानगीनेच. मुस्लिममधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी बिनशिंगी मेंढीलाही शिंगाच्या मेंढीकडून हक्क मिळवून दिला जाईल. मेंढीवर शरीअतचे बंधन नाही, हा केवळ बरोबरीचा बदला आहे, असे इमाम नववी यांनी स्पष्ट केले आहे. ज्याच्यावर बंधन नाही त्याच्याबाबत इतका काटेकोर न्याय असेल, तर ज्याच्यावर आहे त्याचे काय?

अर्थात, सर्वांच्या हाती सारखीच निवड असते, असे समजणे हा अन्याय होईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने मुलाला शाळेतून सोबत नेणे आणि पक्क्या घरात राहणाऱ्याने मुलाला दुकानावर बसवणे, या दोन निवडी एका मापाने मोजता येत नाहीत. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेर भार टाकीत नाही (सूरह बकरा, आयत २८६), आणि उपासमारीने लाचार झालेल्याला निषिद्ध अन्नाचीही सूट आहे. ज्याच्यापुढे वाटा अधिक, त्याचा हिशेबही मोठा. आपण नेमके उलटे करतो. गरिबाच्या निवडीचा काथ्याकूट करतो आणि सधनाच्या निवडीला परिस्थिती म्हणतो.

येथे एक गोष्ट अधिक जपून सांगायला हवी. निवडीच्या सामर्थ्यानेच मनुष्य मनुष्य ठरत असेल, तर जन्मतः मतिमंद असलेल्या मुलाचे काय? स्मृती गेलेल्या आजीचे काय? झोपलेला, अजाण बालक आणि बुद्धिभ्रष्ट या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, अशी हदीस आहे. त्यांचा हिशेब नाही. पण त्यांचा सन्मान कोठेही काढून घेतलेला नाही. सूरह बनी इस्राईलच्या ७० व्या आयतीतील सन्मान आदमच्या सर्व संततीला दिला आहे, त्यातील शहाण्यांपुरता नव्हे. सन्मान निर्मितीमुळे मिळतो, जबाबदारी निवडीमुळे येते. ज्या घरात असे मूल आहे, त्या आईवडिलांना ‘कोणते पाप केले होते’ असे विचारणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. त्या घरात परीक्षा मुलाची नसून भोवतालच्या शहाण्यांची आहे.

तसेच मुक्या प्राण्यांचे. हिंगोली तालुक्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका या भागात सर्वधर्मीयांना ठाऊक आहे. कुत्र्याला पोळी सोडून काही सुचण्यासारखे नव्हते. काठी की वाटी, ही निवड मनुष्याची होती. तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून आणून पाजणाऱ्या माणसाला क्षमा लाभली, आणि मांजराला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे बुखारीत आहे.

अबू दाऊद यांच्या संग्रहात एका उंटाची हकिकत आहे. प्रेषित (स.) एका अन्सारी माणसाच्या बागेत गेले. तेथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला व त्याचे डोळे भरून आले. प्रेषितांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, तेव्हा तो शांत झाला. मालक कोण, असे त्यांनी विचारले. एक अन्सारी तरुण पुढे आला. अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तुला त्याचे भय वाटत नाही काय, असे त्याला विचारले गेले. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि कामाने थकवतोस, अशी त्याची तक्रार आहे, हेही सांगितले गेले. उंटाला कोणी काही विचारले नाही.