टिकण्याचे कारण, टिकण्याचा हक्क

अरब राजेशाह्या का टिकतात, या प्रश्नावर अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकल हर्ब यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. 1999 च्या ‘ऑल इन द फॅमिली’ या ग्रंथात ते सांगतात: गृह, संरक्षण अशी कळीची खाती घराण्यातच वाटली, की तख्त सहसा हलत नाही. लिबियाच्या राजा इद्रिसने आप्तांना सत्तेपासून दूर ठेवले. 1969 मध्ये त्याचे राज्य गेले.

हे झाले कारण. त्यातून हक्क सिद्ध होतो का? आपल्यातले काहीजण ‘तिकडे स्थैर्य तरी आहे’ म्हणतात, तेव्हा नेमकी हीच गफलत होते. कुवेतची निवडून आलेली मजलिस मंत्र्यांना जाब विचारत असे, कधीकधी राजघराण्यातल्यांनासुद्धा! मे 2024 मध्ये अमीरांनी ती बरखास्त केली. घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. घराणे शाबूत राहिले. पण शूरेचे, सल्लामसलतीचे, नाव घेणाऱ्यांनी सल्ला देणाऱ्यांनाच घरी पाठवले, त्याला स्थैर्य म्हणायचे?